झाडाखालची बैठक : साथीच्या काळात मनातले कुठे बोलावे?

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि समुपदेशनाचे काम बघता बघता फोनवर गेले. मुंबई-पुण्यात ते कसेबसे निभावले. गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीकडच्या जंगलात मात्र फोनला रेंज मिळवायची तर कित्येक गावांतून टेकडी चढावी लागे. घरात एकच मोठी खोली आणि त्यात सारे कुटुंब. बंद खोलीत बसावे तर विषाणूचे भय, फोनवर बोलावे तर रेंज नाही. उरली ती एकच जागा : अंगण, पार, किंवा गावाबाहेरचे मोहाचे झाड.

हा धागा त्या जागेच्या इतिहासाचा आहे. साथ आली की माणसे घराबाहेर का पडतात, बाहेर आल्यावर नेमके काय सुरक्षित होते, आणि तिथेच काय उघडे पडते?

सुरुवात प्लेगपासून करावी लागेल. 'गाव सोडून माळावर झोपड्या बांधल्या' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पणजोबांच्या आठवणींसोबत आजही ऐकू येते. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला, आणि घरात उंदीर मरून पडू लागले की गावेच्या गावे रानात राहायला जाऊ लागली. पिसवांमार्फत उंदरांकडून माणसाकडे रोग येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, तेही अनेकांनी दीर्घकाळ मान्य केले नाही. कारण ठाऊक नसताना उपाय मात्र बरोबर निघाला होता. उंदीर घरात होते, म्हणून घर सोडणे शहाणपणाचे होते.

पण त्याच वेळी पुण्यात दुसरे काही घडत होते. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे सरकारने सैनिकांकरवी घरे तपासली आणि रुग्णांना व त्यांच्या आप्तांना छावण्यांत नेले. घरझडतीच्या अपमानातून उसळलेला संताप २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत पोहोचला, हे सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी पुण्याबाहेर हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे गेल्या आणि स्वतःच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. छावणीही उघड्यावर आणि दवाखानाही उघड्यावर. हवा दोन्हीकडे तीच होती. माणसाला तिथे कोणी व कसे नेले, एवढाच फरक होता, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत तोच फरक पुन्हा पुन्हा समोर येतो. तो १८९७ चा कायदाही संपला नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी लागू केला तो हाच.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाकडे वळू, कारण ही साथ चांद्याच्या जंगलात प्लेगपेक्षा फार खोल शिरली. त्या वेळी आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून मध्य प्रांतातला 'चांदा' हा एकच जिल्हा होता. (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.) जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरलेला ताप सप्टेंबरनंतर दुसऱ्या, अधिक जीवघेण्या लाटेत रेल्वेमार्गांनी आत पसरला. मध्य प्रांत हा देशातल्या सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक. देशात एकूण किती माणसे गेली यावर आजही वाद आहे. बरेच अभ्यासक सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यानचा आकडा मानतात. १९११ ते १९२१ हे भारतीय जनगणनेच्या इतिहासातले लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक आहे, त्याचे मुख्य कारण हेच.

या साथीत माळावर जाणे पुरेसे नव्हते. प्लेग घरात राहत होता, इन्फ्लुएन्झा माणसाच्या श्वासात राहत होता. झोपडी रानात बांधली तरी तिच्यात दाटीवाटीने झोपलेले कुटुंब एकमेकांचाच श्वास घेत होते. शिवाय त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि डॉक्टरांचा मोठा भाग महायुद्धावर होता. मृत्यूची नोंद गावच्या कोतवालाने ठाण्यात द्यायची अशी पद्धत होती. जिथे गावच आजारी पडले तिथे नोंद द्यायला जाणार कोण? त्यामुळे दुर्गम भागाबद्दल जे आकडे हाती येतात ते कमीच धरावे लागतात. आणि मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय झाले, हा रकाना तर त्या नोंदवहीत कधीच नव्हता.

मनाच्या उपचारासाठी मोकळी हवा वापरण्याचा एक जुना प्रयोग थेट संसर्गाच्या भीतीतून जन्मला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०१ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटलमध्ये क्षय झालेल्या मनोरुग्णांना इतरांपासून वेगळे ठेवायचे म्हणून तंबूत हलवण्यात आले. हेतू निव्वळ विलगीकरणाचा होता. पण काही दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आले, की तंबूतल्या रुग्णांचे वजन वाढते आहे आणि त्यांचे वागणेही निवळते आहे. पुढे इतर रुग्णालयांनी हा 'तंबूउपचार' उचलला. सुधारणा हवेमुळे झाली, की तंबूत रुग्ण कमी आणि त्यांच्याकडे लक्ष देणारी माणसे अधिक होती म्हणून झाली, याचा निकाल लावणे कठीण आहे. दुसरे कारण जास्त पटते.

आता पुन्हा जंगलात. डिसेंबर १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडजवळच्या हेमलकशाला राहायला गेले आणि लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथला पहिला दवाखाना झाडाखाली होता. इमारत नव्हती, वीज नव्हती, आणि माडिया लोकांना मराठी येत नव्हते. डॉक्टरांनाच माडिया शिकावी लागली. झाडाखालच्या दवाखान्याचे आज कौतुक होते, पण तेव्हा ती निवड नव्हती, निरुपाय होता. तरी त्याचा एक परिणाम विचारात घ्यावा असा आहे. दारच नसल्यामुळे आत शिरण्याची भीती उरली नाही. लांब उभे राहून आधी बघायचे, शेजाऱ्याला काय करतात ते न्याहाळायचे, आणि मग पुढे यायचे, एवढी सवड त्या उघड्या जागेने दिली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पुढे हीच गोष्ट ठरवून केली. मोठ्या इस्पितळाची भीती का वाटते, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरांतून निघाले ते असे, की दवाखाना गावासारखा हवा, नातेवाइकांना सोबत राहता आले पाहिजे, आणि त्याला देवीचे नाव हवे. शोधग्रामचा 'माँ दंतेश्वरी दवाखाना' म्हणूनच एका प्रचंड इमारतीऐवजी झोपड्यांसारख्या वेगवेगळ्या घरांचा झाला. सुट्या, हवेशीर घरांमुळे रुग्णांची दाटीही टळते. १९९० च्या दशकात याचा हेतू साथीपासून बचाव हा नव्हता, पण रचना तशीच निघाली.

याच जिल्ह्याने गुप्ततेचेही मोल दाखवून दिले होते. राणी बंग यांचा वसा आणि अमिर्झा या दोन गावांतला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. अंगावर काढलेली ही दुखणी उघड्या पारावर कोणी सांगितली नसती. त्यासाठी विश्वासाचे माणूस लागते, आणि चार भिंती नसल्या तरी चार कान टळतील एवढा आडोसा लागतो.

म्हणजे २०२० मध्ये झाडाखाली बसायची वेळ आली तेव्हा या मुलखाकडे दोन धडे आधीच होते. मोकळी जागा भीती घालवते. मोकळी जागा गुपितही घालवते.

विज्ञान मात्र तेव्हा स्वतःच चाचपडत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ठामपणे सांगितले, की कोरोना हवेतून पसरत नाही. जड थेंब खाली पडतात, म्हणून अंतर राखा आणि हात धुवा. श्वासातले अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, हा विचार खरे तर विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३० च्या दशकातच मांडला होता. त्या जोरावर पुढे बाल्टिमोरच्या रुग्णालयात क्षयरुग्णांच्या खोल्यांतली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेऊन रोग हवेतून जातो हे सिद्धही झाले होते. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी पत्र लिहून याकडे लक्ष वेधले, तरी अधिकृत भाषा बदलायला पुढचे वर्ष उजाडले. दरम्यान लोकांनी भाजीच्या जुड्या साबणाने धुतल्या आणि खिडक्या बंद ठेवल्या. उलट केले असते तर बरे झाले असते.

याच काळात चीनमधल्या ३१८ समूह-प्रादुर्भावांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ते सारेच्या सारे बंदिस्त जागांतले निघाले. सात हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चाळल्यावर उघड्यावरचा संसर्ग एकच सापडला, त्यात दोन माणसे होती. हा आकडा तेव्हा जगभर 'बाहेर सुरक्षित आहे' असे सांगायला वापरला गेला. पण ती एक घटना कोणती होती? हेनान प्रांतात एक तरुण वुहानहून आलेल्या ओळखीच्या माणसाशी घराबाहेर गप्पा मारत उभा राहिला होता. समोरासमोर, जवळून, बोलणे.

समुपदेशनही याहून वेगळे काय असते?

इथे खरी अडचण सुरू होते. बोलण्यातून कण बाहेर पडतात आणि आवाज जितका मोठा तितके ते अधिक, हे २०१९ मध्येच मोजले गेले होते. अंतर वाढवले की आवाज चढवावा लागतो. आवाज चढला की कणही वाढतात आणि ऐकणारे कानही. जवळ बसून हलके बोलावे तर गुपित राखले जाते, पण श्वास थेट तोंडावर येतो. आरोग्याची खबरदारी आणि मनाची खबरदारी इथे एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि सरकारी परिपत्रकातल्या 'दो गज की दूरी'ने हा पेच सुटत नाही.

सुटतो तो थोडा थोडा, जागेच्या जाणिवेने. समोरासमोर न बसता काटकोनात बसले तर दोघांचाही श्वास समोरच्याच्या तोंडावर जात नाही. गंमत अशी, की कठीण गोष्ट सांगणाऱ्याला नजर टाळायची सोयही त्यातच मिळते. वारा कुठून येतो ते मूठभर धूळ सोडून कळते. वारा दोघांच्या आडवा जाईल अशी जागा घ्यावी, एकाकडून दुसऱ्याकडे जाईल अशी नव्हे. तीन बाजूंनी ताडपत्री बांधून 'आडोसा' केला की बाहेर बसण्याचा सारा फायदा संपतो, कारण ती खोलीच झाली. आडोसा हवा असेल तर तो अंतराचा असावा, म्हणजे गावाच्या नजरेत पण कानाबाहेर. माडिया किंवा गोंडी दुभाषा लागत असेल तर बैठक तिघांची होते. मग मुखपट्टी तिघांना, अंतर तिघांत, आणि गुप्ततेची शपथही तिघांची. मुखपट्टीने निम्मा चेहरा झाकतो, म्हणून ऐकणाऱ्याने मान डोलावणे आणि 'हो' म्हणणे वाढवावे लागते. आणि ताप, खोकला असलेल्या समुपदेशकाने त्या दिवशी घरीच राहावे. हा नियम सर्वात साधा. पाळायला तोच सर्वात अवघड, कारण पोहोचायला दिवस मोडणाऱ्या गावाला 'उद्या येतो' असे म्हणवत नाही.

एवढ्यावर भागत नाही, कारण हे जंगल आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. घामाने भिजलेली मुखपट्टी धड श्वास घेऊ देत नाही आणि गाळतही नाही. म्हणून बैठक सकाळी. पण फार सकाळीही नाही, कारण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे माणसे मोह वेचायला रानात असतात, आणि मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या माणसावर वाघ पडल्याच्या घटना चंद्रपूर जिल्ह्याला नव्या नाहीत. संध्याकाळी थंडावा असतो, पण डासही असतात. गडचिरोली हा राज्यात हिवतापाचा मोठा भार वाहणारा जिल्हा. इथे ताप आला म्हणजे कोरोनाच असे गृहीत धरणे जितके धोक्याचे, तितकेच तो मलेरियाच असे मानून घेणेही. शहरात लिहिलेल्या कुठल्याच मार्गदर्शक पत्रकात वाघ, डास आणि मोह ही तीन नावे एकत्र येत नाहीत.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा विदर्भाचा ऐवज एकट्याने खायचा नसतो. पुडी उघडली की ती चारचौघांत फिरते; कितीतरी बोटे एकाच पुडीत जातात आणि मग तोंडात. पुढे थुंकणे आलेच. बैठकीत आलेल्या पाहुण्यापुढे पुडी करणे हा मानपान आहे, ती नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. २०२० मध्ये राज्याने सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यावर आणि तंबाखू खाण्यावर दंड लावला, पण हा मानपान दंडाने थांबण्याजोगा नव्हता. गडचिरोलीत दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' कार्यक्रम २०१६ पासून चालू होता. तो सांगत आलेली गोष्ट तेव्हा दुहेरी खरी ठरली : खर्रा तोंडाचा कर्करोग आणतो, आणि त्या काळात साथही हातोहात पोहोचवू शकत होता.

गडचिरोलीत मे २०२० च्या मध्यापर्यंत एकही कोरोनारुग्ण नोंदला गेला नव्हता. गावांनी रस्त्यावर लाकडे आडवी टाकून वाटा अडवल्या होत्या. मात्र याच गावांतली हजारो माणसे दर हिवाळ्या-उन्हाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि टाळेबंदीने ती तिथेच अडकली. जी पायी परतली, त्यांना गावाच्या वेशीवर थांबावे लागले. कोणी शाळेत राहिले, कोणी शेतातल्या झोपडीत. आपल्याच गावाने आपल्याला बाहेर ठेवावे, हे दुःख औषधाने जाणारे नाही. त्या माणसाशी वेशीवर, चार हात अंतरावर बसून कोणीतरी बोलणे हाच त्याचा उपचार. प्लेगच्या छावणीत नेमके तेच नव्हते.

जगात अन्यत्र असे कोणी केले होते का? झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना २००६ मध्ये दवाखान्यात खोली मिळाली नाही, परिचारिकाही मिळाल्या नाहीत. मिळाल्या त्या वस्तीतल्या चौदा आज्या आणि अंगणातली जागा. त्यांनी तिथे लाकडी बाक ठेवला. त्याला आधी 'मानसिक आरोग्याचा बाक' असे नाव होते, तर त्यावर कोणी बसेना. आज्यांनीच सुचवले, की याला 'मैत्रीचा बाक' म्हणा. नाव बदलले आणि माणसे बसू लागली. २०१६ मध्ये त्या बाकाची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली आणि तो परिणामकारक ठरला. गडचिरोलीच्या बाया मैत्रिणीला 'गोईण' म्हणतात. राणी बंग यांच्या, इथल्या स्त्रिया आणि झाडे यांच्या नात्यावरील पुस्तकाचे नाव तेच आहे. बाक नसला तरी नाव तयार होते.

मात्र हरारेच्या बाकावर जो प्रश्न नव्हता तो इथे होता, आणि तो दारूचा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली होती. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात 'मी पितो' ही कबुली गुन्ह्याच्या कबुलीजवळ जाते. टाळेबंदीत पुरवठा एकाएकी तुटला तेव्हा हात थरथरणारा, झोप उडालेला माणूस पारावर सगळ्यांदेखत ते कसा सांगणार? त्यात गडचिरोलीत तोवरची चार दशके कोण कोणाशी झाडाखाली बोलत बसले होते, ही माहिती जंगलातल्या दोन्ही बंदूकधाऱ्यांना हवी असे. उघड्यावर बसण्याने फुप्फुसाला मिळणारी सुरक्षितता इथे माणसाला दुसऱ्या बाजूने महाग पडू शकते. अशा वेळी चालत चालत बोलणे, म्हणजे शेताच्या बांधावरून किंवा तेंदूपाने आणायला जाताना पुढेमागे चालत, हाच मार्ग अधिक निर्धोक. वारा आडवा, नजर पुढे, ऐकणारे कोणी नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन माणसे कामाला निघालेली दिसतात.

२७ मे २०२१ रोजी, दुसरी लाट पुरती ओसरलेली नसताना, राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची दारूबंदी उठवली. गडचिरोलीची कायम राहिली. दोन्ही जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. त्या उन्हाळ्यानंतर नदीच्या पश्चिमेला झाडाखाली बसलेला माणूस आपले पिणे मोठ्याने सांगू शकत होता. पूर्वेच्या काठावर, तशाच झाडाखाली, त्याला अजून आवाज खाली आणावा लागत होता.